फ्रेडरिक लँचेस्टर : डिस्क ब्रेक ज्याला आधी सुचला

माउंटन बाईकचा ब्रेक दाबला की चाकातून टक्क आवाज येतो? मग चाकाच्या हबवरची डिस्क, म्हणजे रोटर, ढिली झाली आहे का ते आधी बघा. ती कशी कसायची ते शेवटी सांगतोच. त्याआधी ही चकती ज्याच्या डोक्यातून आली, त्याची गोष्ट.

फ्रेडरिक लँचेस्टरचा जन्म 1868 चा, लंडनचा. इंजिनीअरिंग शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. बर्मिंगहॅमला गॅस इंजिनच्या कारखान्यात नोकरी केली. 1895-96 मध्ये स्वतःची पेट्रोल गाडी बनवली आणि 1899 मध्ये भावांसोबत कंपनी काढली. त्याचा एक हट्ट होता: एका गाडीचा सुटा भाग दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा बसला पाहिजे. त्या काळात कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून जुळवायचे!

1902 मध्ये त्याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकासोबत फिरणारी पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे. आज तुमच्या सायकलवर तत्त्व तेच आहे. अडचण होती ती पॅडची. जबड्यांना तांब्याचं अस्तर होतं. धातूवर धातू घासून ते कर्कश किंचाळायचं, आणि धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजायचं. कल्पना बरोबर होती, पण तिला पेलणारं मटेरियल अजून आलं नव्हतं.

1904 मध्ये पैशाअभावी कंपनी दिवाळखोरीत गेली. लँचेस्टर थांबला नाही. विमान हवेत कसं तरंगतं, यावर त्याने 1907 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पैसा मात्र हाती लागला नाही. म्हातारपणी पार्किन्सनने गाठलं आणि 1946 मध्ये तो हलाखीतच गेला. सातच वर्षांनी, 1953 मध्ये, डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली.

आता तुमचा रोटर. चाक काढा. सहा बोल्टचा रोटर असेल तर टी-25 की लागते. एकेक बोल्ट काढून आटे पुसा, निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लावा आणि सगळे हाताने बसवा. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे कसत जा. शेवटचा टॉर्क रोटरवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, सहसा 6 न्यूटन-मीटरच्या आसपास. जास्त जोर लावला तर हबचे आटे जातील. चकतीला तेलकट हात लावू नका. रस्त्यावर निघण्याआधी चाक फिरवून ब्रेक दाबून बघा. आवाज गेला? मग निघा.