ऑग्डेनचा कारागीर : जॉन ब्राउनिंग

चरित्रे वाचावीत ती संतांची, वीरांची आणि देशभक्तांची, असे आपण समजतो. कारागिराचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. म्हणूनच जॉन मोझेस ब्राउनिंग या बंदूक घडविणाऱ्या माणसाविषयी मला चार शब्द लिहावेसे वाटले.

त्याचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेत, युटामधील ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन बंदुका घडवीत व दुरुस्त करीत. दुकानातल्या मोडक्या बंदुका हीच जॉनची खेळणी. शाळा लवकर सुटली. पुढचे धडे कानस आणि छिन्नी यांनी दिले. १८७९ साली त्याला पहिले पेटंट मिळाले आणि त्याच साली वडील वारले. भावांना हाताशी धरून त्याने गावातच छोटा कारखाना काढला. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा अधिकारी ऑग्डेनला आला आणि आठ हजार डॉलर मोजून त्या रायफलीचे हक्क घेऊन गेला.

हा व्यवहार सुमारे वीस वर्षे चालला. पुढे आपोआप भरणाऱ्या शॉटगनसाठी ब्राउनिंगने एकरकमी किंमत न घेता प्रत्येक नगामागे मोबदला मागितला. कंपनीने नकार दिला. तेव्हा १९०२ मध्ये तो आपला नमुना घेऊन बेल्जियममधील एफ. एन. कारखान्यात गेला. आपल्या हाताची किंमत ओळखणारा हा कारागीर मला मोठा वाटतो.

मी एन. सी. सी.चा छात्र असल्यामुळे त्याच्या .२२ च्या छोट्या रायफलीविषयी मला विशेष कुतूहल आहे. एफ. एन.ने ती १९१४ च्या सुमारास काढली. १९२२ पासून अमेरिकेत रेमिंग्टननेही ‘मॉडेल २४’ या नावाने बनविली. तिच्या काडतुसाला मध्यभागी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिनेचा टोला त्या कडेवरच बसतो. काडतुसे दस्त्यातल्या नळीत राहतात, रिकामे टरफल खाली पडते. बोल्ट मागे घेऊन खटकी सरकविली आणि नळी फिरविली की बंदुकीचे दोन भाग होतात. कसलेही अवजार लागत नाही!

जोड वापराने ढिला होणार, हे ब्राउनिंगने आधीच ओळखले होते. तेथे खाचांची एक कडी आहे. ती फिरविली की जोड पुन्हा घट्ट बसतो. म्हणून अशी जुनी रायफल घेणाऱ्याने प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करावी, मग जोड हलवून पाहावा आणि नळी उजेडाकडे धरून आतले आटे व गंज तपासावा. नळी सुटी होत असल्याने ती मागच्या बाजूने पुसता येते आणि तोंडाची कड झिजत नाही. तेल बेताचेच लावावे. रिकाम्या बंदुकीचा चाप उगाच ओढू नये. पिन नळीच्या कडेवर आपटून ती कड दबते. अर्थात आपल्याकडे परवान्यावाचून असे हत्यार बाळगता येत नाही.

पण या चरित्राला दुसरी बाजूही आहे. १९१४ मध्ये साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगच्याच रचनेचे होते. त्यानंतर महायुद्ध पेटले. १९१८ मध्ये त्याची नवी स्वयंचलित रायफल फ्रान्समधील आघाडीवर गेली, तेव्हा त्याचा मुलगा व्हॅल सैन्यात तेथेच होता. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये, त्याच एफ. एन. कारखान्यात, हृदय बंद पडून ब्राउनिंग वारला. १२८ पेटंटे त्याच्या नावावर होती.

अशा माणसाला थोर म्हणावे काय? माझे वडील लोहार आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांनी घडविलेला कोयता उसावर चालतो, तसा तो माणसावरही चालू शकतो. म्हणून त्यांनी धार बोथट ठेवावी, असे मी म्हणणार नाही. पण धार लावणाऱ्याने गिऱ्हाईक मात्र ओळखावे. पोटापुरती शिकार करणाऱ्याची बंदूक आणि रणांगणावरची मशीनगन या दोन्ही ब्राउनिंगने सारख्याच निष्ठेने घडविल्या. त्याच्या हाताला मी नमस्कार करतो. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना नाही.