मुंबईहून आफ्रिकेकडे

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे नाव तुम्ही भूगोलाच्या तासाला ऐकले असेल. आफ्रिकेतील प्रचंड धबधब्याला व्हिक्टोरिया हे नाव त्यांनी दिले. तेथील लोक मात्र त्याला फार पूर्वीपासून ‘गर्जणारा धूर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत होते. पण या डॉक्टरांचा आपल्या मुंबईशी आणि नाशिकशी काय संबंध होता, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी झाला. घरी गरिबी होती. दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत कामाला लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तुटलेले धागे जोडायचे, हे त्यांचे काम. पहिल्या पगारातून त्यांनी लॅटिन व्याकरणाचे पुस्तक घेतले. पुस्तक यंत्रावर उघडे ठेवायचे आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचे! असे शिकत शिकत ते डॉक्टर झाले. ख्रिस्ती धर्माचा प्रचार करण्यासाठी त्यांना चीनला जायचे होते. पण तेथे अफूचे युद्ध सुरू झाले. म्हणून १८४१ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे एका सिंहाने हल्ला करून त्यांच्या डाव्या हाताचे हाड मोडले. हा हात लक्षात ठेवा.

धर्मप्रसारात त्यांना यश थोडेच मिळाले. सेचेले नावाच्या एका राजाला त्यांनी बाप्तिस्मा दिला, त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. घरच्यांकडेही त्यांचे दुर्लक्ष झाले. बायको-मुलांना त्यांनी इंग्लंडला पाठवून दिले. पुढे पत्नी मेरी पुन्हा आफ्रिकेत आल्या आणि १८६२ साली तापाने वारल्या.

पण एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. ती म्हणजे गुलामांचा व्यापार. गावे जाळायची, माणसे पकडायची, त्यांच्या मानेत लाकडी बेडी अडकवायची आणि समुद्राकडे हाकत न्यायचे. या व्यापारात पोर्तुगीज होते, अरब होते, माणसे पकडून विकणारे आफ्रिकी सरदारही होते. कोणी कोणत्या धर्माचा होता म्हणून हे पाप लपवण्याचे कारण नाही. १८६१ साली लिव्हिंग्स्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा एका तांड्यातील ८४ जणांना सोडवले. त्यांत बहुतेक बायका-मुलेच होती. चुमा आणि वेकोटानी ही दोन मुले त्याच सुमारास सुटली.

१८६४ साली त्यांची मोहीम सरकारने बंद केली. हातात एक छोटी आगबोट उरली होती. ती झांजिबारला विकता आली असती. पण ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये, असे त्यांना वाटले. मग त्यांनी काय केले असेल? पावसाळा तोंडावर आला असताना स्वतः कप्तान होऊन ती बोट त्यांनी ४५ दिवसांत मुंबईला आणली! बरोबर थोडे खलाशी आणि चुमा व वेकोटानी. या मुलांना त्यांनी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. मुंबईचे विल्सन कॉलेज याच विल्सनसाहेबांच्या नावाने आहे.

इंग्लंडला जाऊन डॉक्टर पुढच्या वर्षी मुंबईला परत आले. वय ५२. आता आराम केला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांना आफ्रिकेला परत जायचे होते. नाईल नदीचा उगम शोधायचा आणि गुलामांच्या व्यापाराची हकिगत जगाला कळवायची, हे दोन हेतू होते. सहा हजार पौंडांची बोट २३०० पौंडांना विकली. ते पैसे बँकेत ठेवले, तर ती बँकच बुडाली!

त्या वेळी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनची एक वसाहत होती. इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत आणि सुतारकाम, लोहारकाम करीत. त्यांतले नऊ तरुण डॉक्टरांबरोबर निघाले. लहानपणी ज्या किनाऱ्यावरून त्यांना बांधून नेले होते, त्याच किनाऱ्याकडे ते आता आपल्या मर्जीने चालले होते. जानेवारी १८६६ मध्ये सर्वांनी मुंबई सोडली.

हा प्रवास फार खडतर झाला. काही सोबती पळून गेले. औषधांची पेटी चोरीला गेली. कागद संपला तेव्हा डॉक्टर जुन्या वर्तमानपत्रांवर बियांच्या रसाने लिहू लागले. ते मरणाच्या दारात असताना मोहम्मद बोघारिब या अरब व्यापाऱ्याने त्यांना औषध दिले आणि डोलीत घालून टांगानिका सरोवरापर्यंत पोहोचवले. हा मनुष्य स्वतः गुलामांचा व्यापार करणारा होता! माणसाचे मन किती गुंतागुंतीचे असते, पाहा. १८७१ साली स्टॅन्ले हा बातमीदार त्यांना शोधत आला. परत चला म्हणाला. डॉक्टर गेले नाहीत.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी, एका झोपडीत ते पहाटे गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले. अब्दुल्ला सुसी, चुमा आणि इतरांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. पुढे स्टॅन्लेने पाठवलेल्या माणसांत जेकब वेनराईट हा शरणपूरला शिकलेला आणखी एक तरुण आला होता. त्याने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला आणि सर्वजण किनाऱ्याकडे चालू लागले. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने देह येथेच पुरा असे सुचवले. त्यांनी ऐकले नाही. काहीजण वाटेत मरण पावले. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते समुद्राजवळ पोहोचले. दरम्यान जून १८७३ मध्ये झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला होता.

लंडनमध्ये डॉक्टरांनी देह तपासला. ओळख पटली ती डाव्या हाताच्या मोडलेल्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबे येथे दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत जेकबही होता. सुसी आणि चुमा यांना दफनाच्या वेळी पोहोचता आले नाही. ते नंतर इंग्लंडला गेले आणि डॉक्टरांच्या शेवटच्या रोजनिशीचे पुस्तक तयार होत असताना गावांची नावे, वाटा आणि घडलेल्या गोष्टी आठवून आठवून संपादकाला सांगू लागले.