कुवलयानंदांचे यंत्र आणि आजचा यांत्रिक सोबती

एकाकी माणसाशी गप्पा करणारी, त्याची विचारपूस करणारी आणि त्याच्या प्रत्येक म्हणण्यास मान डोलावणारी यंत्रे आता घरात शिरू लागली आहेत. त्यांना सोबती मानावे काय, या प्रश्नाचा विचार करताना लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांचे चरित्र मार्गदर्शक ठरावे. गुरू आणि साधक यांच्या अगदी आतल्या प्रांतात यंत्र नेण्याचे धाडस त्यांनी केले होते.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरच्या गरिबीतही १९०३ साली त्यांनी मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, पुढे अमळनेरला अध्यापन केले. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी त्यांना गुरू म्हणून लाभले. गुरूंनी दिलेली विद्या शास्त्राच्या कसोटीवर उतरावी, या ध्यासाने त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रिया तपासल्या. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारी निर्वात अवस्था पाऱ्याच्या दाबमापकावर नोंदली गेली, तेव्हा त्यांनी तिला गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले. त्यांची संस्था आजही कार्यरत आहे.

या नामकरणात मोठा विवेक आहे. आकडा यंत्राने दिला, पण ऋण मानले गेले ते माणसाचे. दाबमापक साधकाला खूश करण्यासाठी पारा वरखाली करीत नव्हता. गुरूही शिष्याच्या कलाने चालत नसतो. तो चूक दाखवितो, प्रसंगी थांबवितो, आणि शिष्य ढळला तर स्वतः कष्टी होतो. यांत्रिक सोबत्याला यातले काहीच सोसावे लागत नाही. शिवाय माणसाने त्याच्यापाशी वारंवार यावे, यातच त्याच्या निर्मात्याचा लाभ असतो.

मुले दूर गेलेल्या घरातील वृद्धाला औषधाची वेळ सांगणारे यंत्र उपकारकच होय. त्याचा रात्रीचा आवाज धीरही देईल. परंतु तेवढ्यावर मुलाबाळांनी आणि शेजाऱ्यांनी आपले येणेजाणे थांबविले, तर तो दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. यंत्राला त्याच्या जागी ठेवण्याची जबाबदारी समाजाचीच आहे.