स्पीकरमागचा ओहम

गॅदरिंगच्या आदल्या रात्री आमचा अ‍ॅम्प्लिफायर दहा मिनिटं वाजला आणि गप्प झाला. आवाज वाढावा म्हणून कुणीतरी एकाच चॅनलला 8 ओहमचे चार स्पीकर पॅरललमध्ये जोडले होते. म्हणजे झाले 2 ओहम. हे ओहम ज्याच्या नावाचे, त्या जॉर्ज सायमन ओहमचं कॉलेज आपल्यासारखंच होतं.

1789 मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनला जन्म. वडील कुलपं बनवणारे, पण स्वतःच शिकलेले. मुलांना गणित घरीच शिकवलं. पोरगं युनिव्हर्सिटीत गेलं आणि नाच, स्केटिंग, बिलियर्ड्समध्येच रमलं. वडील भडकले, त्याला कॉलेज सोडावं लागलं. मग स्वित्झर्लंडमध्ये गणिताची मास्तरकी. पुढे परत येऊन 1811 मध्ये डॉक्टरेट मात्र घेतली.

खरं काम कोलोनच्या शाळेत शिकवताना झालं. आधी त्याने व्होल्टाची बॅटरी वापरली, पण तिचा जोर सारखा कमी-जास्त व्हायचा. मग तांबं आणि बिस्मथचा थर्मोकपल घेतला: एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. जोर स्थिर झाला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावायच्या आणि चुंबकाची सुई किती वळते ते बघायचं. तार लांब, तर करंट कमी. त्यातून निघालेला नियम 1827 च्या पुस्तकात आला. जर्मनीत त्याचं थंडं स्वागत झालं. ओहमने कोलोनची नोकरीही सोडली.

आमचा अ‍ॅम्प याच नियमाने अडकला. 20 व्होल्टला 8 ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, 50 वॅट. तेच 2 ओहमला 10 अँपिअर, 200 वॅट! तेवढा करंट झेपला नाही की अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर जळतो. त्यात स्पीकरवरचा 8 हा आकडाही ढोबळच. सुरागणिक तो बदलतो, कधी बराच खाली येतो. म्हणून अ‍ॅम्प घेताना नुसते वॅट बघू नका, तो किती ओहमपर्यंत चालतो हेही बघा.

ओहमला 1833 मध्ये न्यूरेम्बर्गला पुन्हा धड नोकरी मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कोपले पदक दिलं. 1843 मध्ये तर त्याने आपला कान सूर कसे वेगळे ओळखतो यावरही लिहिलं. म्युनिकमध्ये फिजिक्सचं प्रोफेसरपद मिळालं 1852 मध्ये, दोनच वर्षांनी तो गेला. पॅरिसच्या परिषदेत ओहम हे एकक म्हणून ठरलं ते 1881 मध्ये.

आम्ही दोन स्पीकर काढले. मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला.