डोरोथी कॅरी यांच्या नकाराची नोंद

वकिलीच्या धंद्यात हक्कसोडपत्र हा कागद वारंवार डोळ्यांखालून जातो. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडलेला असतो. आपण हे राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहोत, असा मजकूर त्यात ठरलेला असतो आणि खाली अंगठा असतो. अंगठा उठण्यापूर्वी त्या बाईने घरात किती वेळा नाही म्हटले होते, ते मात्र कागदावर कुठेच लिहिलेले नसते. होकाराची नोंद होते, नकाराची होत नाही.

इतिहासाचेही असेच आहे. विल्यम कॅरी हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. इंग्लंडातून बंगालमध्ये आलेला हा मिशनरी. त्यांनी बंगाली गद्याच्या जडणघडणीला हातभार लावला, सतीच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला, १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापला. मराठीतील अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांचा इतिहास त्यांच्या सेरामपूरच्या छापखान्याला वगळून लिहिता येत नाही. पण हे कार्य सुरू होण्यापूर्वी, १७९३ साली, एका घराने परदेशी जाण्याची तयारी केली आणि त्या घरातील बाईने नाही म्हटले होते. त्या नकाराचे काय झाले?

चांभाराच्या दुकानातला नकाशा

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपुरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलाला त्वचेचा विकार होता. उन्हात शेतावर राबणे त्याला सोसेना, म्हणून त्याला पिडिंग्टन गावी चांभारकाम शिकायला ठेवले. मालकाकडच्या एका पुस्तकात त्याला ग्रीक अक्षरे दिसली. ती उतरवून घेऊन, जाणकाराकडून समजून घेत हा पोरगा ग्रीक शिकू लागला. पुढे लॅटिन, हिब्रू, डच अशा भाषा त्याने चामडे शिवता शिवता आत्मसात केल्या.

विद्यापीठाचा दरवाजा त्यांना बंद होता. एक तर गरिबी, आणि दुसरे म्हणजे ते सरकारी चर्च सोडून बाप्टिस्ट झाले होते. त्या काळी अशा लोकांना ऑक्सफर्ड व केंब्रिजची पदवी मिळत नसे. पुढे कीर्ती मिळाल्यावरही इंग्लंडातील उच्चभ्रू टीकाकारांनी त्यांच्या चांभारकीची टिंगल केली. ज्ञानावर मक्तेदारी सांगणारे लोक कोणत्या देशात नसतात?

१० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या चर्चमध्ये त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला. वर १९ वर्षांचा, वधू त्याच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. नोंदवहीत वधूच्या सहीच्या जागी फुली आहे. त्यांना तेव्हा सही करता येत नव्हती. संसार दारिद्र्याचाच होता. पहिली मुलगी ॲन दुसऱ्या वर्षीच तापाने गेली. पुढे आणखी एक मुलगी गेली. मोल्टन गावी कॅरी शाळा चालवीत, जोडे शिवीत आणि रविवारी उपदेश करीत. समोरच्या भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला जगाचा नकाशा लावला होता. कॅप्टन कुक यांच्या सफरींचे वर्णन वाचून दूरदेशीच्या लोकांचा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. पण ज्या घरात तो नकाशा होता, त्या घरातल्या बाईचे जग मात्र दोनचार गावांचेच होते.

विचारले नाही, कळवले

१७९२ साली कॅरी यांनी परधर्मीयांपर्यंत धर्मप्रसार कसा करावा यावर एक छोटे पुस्तक काढले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे एका विधवा बाईंच्या घरात मूठभर धर्मोपदेशक जमले आणि मिशनरी सोसायटी स्थापन झाली. वर्गणीचा आकडा होता १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. एवढ्याशा भांडवलावर जग बदलायला निघालेल्या या गरीब माणसांच्या जिद्दीला दाद दिलीच पाहिजे.

जानेवारी १७९३ मध्ये बंगालमध्ये राहून आलेले डॉ. जॉन थॉमस सोसायटीच्या बैठकीला आले. त्यांच्यासोबत कोण जाणार, असा प्रश्न निघाला आणि कॅरी तयार झाले. घरी न विचारता बैठकीत निर्णय झाला आणि मग तो घरी कळवला गेला. वडिलांना तर मुलगा वेडा झाला की काय, असे वाटले. डोरोथीबाईंनी स्पष्ट नकार दिला. त्या गरोदर होत्या. पदरी फेलिक्स, विल्यम आणि पीटर ही तीन लहान मुले होती. ज्या देशात आपले कोणी नाही, जिथली हवा, भाषा, अन्न ठाऊक नाही, तिथे कशासाठी जायचे? या प्रश्नात अडाणीपणा कुठे आहे? तो एका आईचा हिशेब होता.

मग तडजोड निघाली. कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन पुढे जाणार, बस्तान बसवणार आणि काही वर्षांनी कुटुंबाला न्यायला परत येणार. डोरोथीबाई मुलांसह पिडिंग्टनला बहीण किटीसोबत राहणार.

एप्रिल १७९३ मध्ये कॅरी, फेलिक्स आणि थॉमस यांचे कुटुंब जहाजावर चढले. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात जायला कंपनीचा परवाना लागे आणि कंपनी मिशनऱ्यांना परवाना द्यायला तयार नव्हती. व्यापाराला धक्का लागेल, ही तिची भीती. कंपनीच्या सनदेत मिशनरींसाठी कलम घालण्याचा प्रयत्न त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये फसला. त्यातच थॉमस यांच्यामागे सावकारांचा ससेमिरा होता. कप्तानाकडे निनावी पत्र आले आणि कॅरी, फेलिक्स व थॉमस यांना जहाजावरून उतरावे लागले. थॉमस यांची पत्नी व मुलगी तेवढ्या पुढे गेल्या.

चोवीस तासांतली संमती

या खोळंब्याने डोरोथीबाईंचे आयुष्य फिरले. मे महिन्यात त्यांना चौथा मुलगा जेबेझ झाला. इकडे एका डॅनिश जहाजाचा पत्ता लागला. त्याला कंपनीच्या परवान्याची गरज नव्हती. पण जहाज लवकरच सुटणार होते. कॅरी आणि थॉमस रात्रभर प्रवास करून पिडिंग्टनला पोहोचले. आता सगळ्यांनीच चलावे, अशी विनवणी झाली. डोरोथीबाई पुन्हा नाही म्हणाल्या. दोघे निघाले. वाटेत थॉमस यांना राहवेना. ते एकटेच मागे फिरले. त्यांनी बाईंना बजावले की, आता आली नाहीस तर कुटुंब कायमचे विखुरले जाईल आणि जन्मभर पश्चात्ताप करावा लागेल. घाबरलेल्या डोरोथीबाई अखेर हो म्हणाल्या. अट एकच, बहीण किटी सोबत आली पाहिजे.

मग एका दिवसात घर मोडले. सामानसुमान विकले, उरलेले बांधले, भाड्यासाठी घाईघाईने पैसे जमवले. भाडे कमी बसावे म्हणून थॉमस आणि किटी यांनी नोकर म्हणून प्रवास करायचे ठरवले. १३ जून १७९३ रोजी जहाज डोव्हरहून सुटले. बाळंतपण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पाच महिने समुद्रावर काढून ११ नोव्हेंबरला सगळे कलकत्त्याला उतरले.

आता ही संमती कायद्याच्या कसोटीवर तपासून पाहा. मुक्त संमती कशाला म्हणायचे, हे आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम १४ सांगते. कलम १६ गैरवाजवी प्रभावाचा विचार करते. एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि त्याचा फायदा घेत असेल, तर ती संमती मुक्त नव्हे. विवाह हा जमिनीचा व्यवहार नाही, हे मान्य. पण कसोटी माणुसकीचीच आहे. हाती पैसा नाही, कडेवर तान्हे मूल, नवरा जायला निघालेला आणि दारात उभा माणूस कुटुंब फुटण्याची भीती घालतो. त्यावर इंग्लंडचा तेव्हाचा कायदा असा की, लग्नानंतर बाईचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच उरत नसे. ते नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होई. अशा होकाराला राजीखुशी म्हणायचे काय?

त्यानंतर काय झाले?

कलकत्त्यात पैसा लवकरच संपला. कुटुंब एका जागेहून दुसऱ्या जागी, मग वाघांच्या भीतीच्या सुंदरबनात. डोरोथीबाई हगवणीने खंगल्या. किटीचे लग्न झाले आणि ती वेगळी राहू लागली. १७९४ साली कॅरी यांना मदनाबाटी येथे नीळ कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. परक्याच्या प्रेताला हात लावला तर जात जाईल, या भीतीने कोणी पुढे येईना. अखेर काही मुसलमानांनी कबर खणली. जातिव्यवस्था काय चीज आहे, हे कॅरी यांना पोटच्या पोराच्या प्रेताशेजारी कळले.

या आघातानंतर डोरोथीबाईंचे मन जे ढासळले ते सावरले नाही. नवऱ्यावर संशय, आरडाओरडा, त्याच्या जिवावर उठणे, आणि शेवटी कोंडलेली खोली. कॅरी यांनी त्यांना टाकून दिले नाही की वेड्यांच्या इस्पितळात पाठवले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

१८०० साली हे कुटुंब डॅनिशांच्या ताब्यातील सेरामपूरला आले. मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांसह छापखाना उभा राहिला. त्या वर्षीच्या २८ डिसेंबरला कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. आधी त्याने मिशनऱ्यांच्या पंगतीत बसून जेवण केले आणि जातीची बेडी उघडपणे तोडली. त्याच दिवशी डोरोथीबाई आपल्या खोलीत बंद होत्या, आणि ज्यांनी त्यांना निघायला लावले ते थॉमसही भ्रमिष्ट होऊन दुसरीकडे कोंडलेले होते. इतिहासाने विजयाचा दिवस म्हणून नोंदवलेल्या या दिवसाची ही दुसरी बाजू आहे.

सेरामपूरच्या मंडळींनी चर्चमध्ये जात शिरू दिली नाही. दक्षिणेतील जुन्या मिशनांनी वेगवेगळ्या जातींची वेगवेगळी बैठक चालवून घेतली होती. इथे सर्वांना एकच प्याला होता. १८०३ साली ब्राह्मण तरुण आणि कृष्ण पाल या सुताराची मुलगी यांचा विवाह लागला. त्याच वर्षी गोकुळ नावाचा धर्मांतरित वारला तेव्हा पूर्वीचा ब्राह्मण, पूर्वीचा मुसलमान आणि गोरे मिशनरी यांनी मिळून खांदा दिला. खांदा देणाऱ्यांत पीटरचा थोरला भाऊ फेलिक्स होता.

फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवू लागले. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठीचे काम झाले. हे सगळे होत असताना, ८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथीबाई वारल्या. जुन्या चरित्रकारांनी त्यांना अडाणी आणि पतीच्या कार्यातला अडसर ठरवले. त्यांच्या बाजूने स्वतंत्र पुस्तक लिहायला जेम्स बेक यांना १९९२ साल उजाडावे लागले.

एक गोष्ट मला सतावते. १८१३ च्या सुमारास कंपनी सरकारने सतीबाबत भेद केला होता. विधवा स्वखुशीने जात असेल तर अडवायचे नाही, जबरदस्ती असेल तर अडवायचे. चितेपाशी उभ्या बाईची स्वखुशी पोलिसांनी तपासायची! कॅरी आणि त्यांचे सहकारी सांगत राहिले की, ही प्रथाच बंद झाली पाहिजे. डिसेंबर १८२९ मध्ये बेंटिंकने बंदी घातली तेव्हा त्या कायद्याचा बंगाली तर्जुमा कॅरी यांनीच केला. एक दिवसाच्या उशिरानेही जीव जाईल म्हणून रविवारचा उपदेश सोडून केला. ९ जून १८३४ रोजी ते सेरामपूरला वारले. विधवेच्या होकारामागचे दडपण ओळखणाऱ्या या माणसाला पिडिंग्टनच्या त्या सकाळचा होकार कधी आठवला असेल काय?

कॅरी यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. चांभारकाम करणाऱ्या हातांनी केलेले त्यांचे काम मोठेच आहे. पण मोठ्या कामाने लहान अन्याय पुसला जात नाही. आपणही चळवळीची माणसे. मी स्वतः शिबिरे, मोर्चे, दौरे ठरवले आणि घरी फक्त कळवले. घरच्यांनी साथ दिली, असे व्यासपीठावरून अभिमानाने सांगितलेही. त्यांना नाही म्हणायची सोय होती काय, हे कधी विचारले नाही. कार्यकर्त्यांनो, पुढच्या बैठकीत हो म्हणण्यापूर्वी घरी एकदा विचारा. आणि नाही असे उत्तर आले, तर तेही उत्तरच आहे हे मान्य करा.