वाटाण्याचा अंकुर आणि दादासाहेब

खरं सांगायचं तर कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे दादासाहेब फाळके म्हणजे एक पुरस्कार, एवढंच मला ठाऊक होतं. त्या नावामागचा माणूस कळला तो हॉस्टेलवर आल्यावर, आणि तो मला आपल्यातलाच वाटला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला, तोही सुटला. चाळिशीत हाती काही नसताना त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्तावरचा सिनेमा पाहिला. बस्स! आपले राम-कृष्ण पडद्यावर चालले पाहिजेत, या ध्यासाने ते झपाटले. सिनेमे पाहून पाहून दृष्टी गेली, उपचारांनी परत आली. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

पण पैसा कोण लावणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर! ते पाहून भांडवल मिळालं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. बाई मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, शिवाय सगळ्यांचा स्वयंपाकही करत.

अमेरिकेचा अलेक्झांडर कॉल्डर १९१९ चा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याची शिल्पं वाऱ्यावर हलतात. दादासाहेबांनी मात्र डोळ्यांना न दिसणारी हालचाल दाखवली.

आमच्या पातूरला पाऊस पडला की तूर वर येते, पण वर येताना कुणी पाहिलीय? मी रूमच्या खिडकीत ग्लासात तूर लावली, रोज एक फोटो. सबमिशनच्या गडबडीत दोन दिवस चुकले. पंधरा फोटो पळवले तर धड एका सेकंदाचाही सिनेमा झाला नाही! आणि चुकलेल्या जागी रोपटं टुणकन उडी मारतं. रूममेट पोट धरून हसला.

तेव्हा कळलं, कॅमेरा सगळ्यांकडे आहे, तो धीर नाही.

१९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर दादासाहेबांचं काम थांबलं. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार आला १९६९ मध्ये.

मी नवीन तूर लावली आहे. या वेळी सबमिशन असो नाहीतर व्हायवा, एकही दिवस चुकवायचा नाही!