एका खांद्यावर सारा संघ

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात सलग बारा षटके टाकून मी आठवडाभर खांदा शेकत बसलो होतो. त्याच दिवसांत वाचनालयात बेसबॉलच्या इतिहासाचे एक पुस्तक हाती आले आणि चार्ल्स रॅडबोर्नची ओळख झाली. माझे दुखणे मला एकदम लहान वाटू लागले.

रॅडबोर्नचा जन्म 1854 साली अमेरिकेतील रोचेस्टर येथे झाला. आईवडील इंग्लंडहून आलेले, वडिलांचा धंदा खाटकाचा. बालपण इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन गावी गेले. 1881 पासून तो प्रॉव्हिडन्सच्या संघात पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून खेळू लागला.

त्या काळी संघात पिचर जेमतेम दोन असत. इजा वा आजार असल्याखेरीज बदली खेळाडू घेण्याची मुभा नसे. त्यामुळे ज्याने सामना सुरू करायचा, त्यानेच तो संपवायचा, असा रिवाज होता.

1884 च्या जुलैत प्रॉव्हिडन्स संघावर संकट आले. बेशिस्तीच्या ठपक्यावरून रॅडबोर्न निलंबित होता. दुसरा पिचर चार्ली स्वीनी भर सामन्यात मैदान सोडून गेला आणि संघातून काढला गेला. संघ मोडतो की काय, अशी वेळ आली. तेव्हा रॅडबोर्नने व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्टपुढे सौदा मांडला : उरलेले सामने मी टाकतो, पण जादा पैसे द्या आणि मोसमाअखेर मला करारातून मोकळे करा. त्या काळच्या नियमाने खेळाडू मालकाला बांधलेला असे, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे मोल कळते.

मग जवळजवळ प्रत्येक सामन्यात तोच उभा राहिला. सकाळी हात इतका आखडलेला असे की केस विंचरणेही जमत नसे, असे सांगतात. त्या मोसमात त्याने 73 सामने सुरू केले आणि 73 ही पुरे केले. 678 हून अधिक डाव टाकले, 441 फलंदाज चेंडू हुकवून बाद केले. त्याच्या नावे 59 विजय मांडले जातात. जुन्या नोंदींत ते 60 आहेत. संघाने अजिंक्यपद मिळवले. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संघाशी लागोपाठ तीन दिवस तीन सामने झाले. तिन्ही त्यानेच टाकले व जिंकले. लोक त्याला ‘ओल्ड हॉस’, म्हणजे म्हातारा घोडा, म्हणू लागले. घोड्यासारखे राबवून घेतल्यावर दुसरे कोणते नाव मिळणार?

त्यानंतर एकाही मोसमात त्याला 30 विजय मिळाले नाहीत. 1891 मध्ये खेळ सोडून त्याने ब्लूमिंग्टनला मद्यालय चालवले. पुढे शिकारीच्या अपघातात एक डोळा गेला आणि तो लोकांसमोर येईनासा झाला. 1897 मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले ते 1939 साली, म्हणजे मृत्यूनंतर आणखी बेचाळीस वर्षांनी.

प्रथम मी त्या आकड्यांनीच भारावलो होतो. आता वाटते, त्या संघाला आणखी एक धड पिचर मिळाला असता, तर हा विक्रम झालाच नसता. विक्रम वाचताना तो कोणाच्या खांद्यावर उभा राहिला, एवढे आपण विचारायला हवे. येत्या मोसमात आमच्या संघात तिसरा गोलंदाज घ्यावा, असे मी कप्तानाला सांगून ठेवले आहे.